हात न लावलेल्या पेशी

माझ्या थोरल्या वहिनीला धाकटीचं काहीच बघवत नाही, अगदी तिची गाढ झोपसुद्धा. धाकटीला आमच्या प्रयोगशाळेत चिकटवलं तिनंच, पेशी वाढवायला शिकवलं तिनंच, आणि आता म्हणते, "मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला." मी तिथं भांडार सांभाळते. दोघींची नणंद, त्यामुळे दोन्हीकडची गाऱ्हाणी माझ्याच कानात.

कायमची जागा एकच निघाली. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, जिच्या प्रयोगाची फिल्म स्वच्छ येईल तिला देऊ.

काम असं. पेशीला बाहेरून त्रास झाला की आतली कायनेज नावाची प्रथिनं जागी होतात. पहिलं दुसऱ्याला फॉस्फेट चिकटवून जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि खबर पार आतपर्यंत पोचते. एका डिशमधल्या पेशींना खारं पाणी द्यायचं, दुसरीला हातच लावायचा नाही. जागं झालेलं कायनेज एक्स-रेसारख्या फिल्मवर काळी पट्टी उमटवतं. हात न लावलेल्यांची जागा कोरी यायला हवी.

थोरली यात मुरलेली. पण त्या आठवड्यात तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. धाकटीच्या डिश उबेच्या पेटीत तिच्या डिशना खेटून होत्या. सारखी उठायची, दोघींच्या डिश काढायची, सूक्ष्मदर्शकाखाली आलटून पालटून बघायची.

"हिच्या किती भरल्यात गं! जळलं मेलं माझं नशीब!"

"वहिनी, दुसरीच्या ताटात डोकावून आपलं पोट भरतं का?" मी म्हटलं. ऐकते कसली!

फिल्म आली. धाकटीची कोरी जागा कोरी. थोरलीच्या दोन्ही पट्ट्या काळ्याभोर.

"यांना हात लावला होता?" मॅडमनी विचारलं. थोरलीनं फिल्म उलटी ठेवली. गार हवा लागली, हेलकावे बसले, की पेशी बिथरतातच. जागा धाकटीला गेली.

पण धाकटीच्याही पेशी तितक्याच हलल्या होत्या की! थोरलीनं तिला काचेची भांडी धुताना गाठलं. "तुझ्या कशा गं शांत राहिल्या?"

धाकटीनं नळ बंद केला. "ताई, रागावू नका. तुम्ही बघितल्याशिवाय राहणार नाही, हे मला ठाऊक होतं. माझ्या खऱ्या डिश खालच्या मजल्यावरच्या पेटीत होत्या. इथल्या फेकायच्या होत्या, दाटी होऊन वाया गेलेल्या. नुसतं माझं नाव घातलं होतं."

थोरली स्टुलावर बसली. तिचे डोळे भरून आले.

"दाटी झालेल्या पेशी फेकायच्या असतात," ती म्हणाली, "हे तुला मीच शिकवलं ना गं?"