इराला मराठी येत नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिच्यापासून लपवणं तर सोपंच होतं, कारण गुन्हा ज्या भाषेत झाला ती तिला येत नाही. ती इथलीच, सिंगापूरची तमिळ. पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये मराठी येणारे दोघंच — मी आणि माझी मुलगी इरा.

ओळखीतले लोक मला श्रावणबाळ म्हणतात. आई गेल्यावर वडिलांना, अण्णांना, मी पुण्याहून इथे आणलं आणि शेवटपर्यंत सांभाळलं. हवेशीर खोली, पथ्याचं जेवण, औषधं वेळेवर. सगळं खरं. या देशात आईबापांना न पोसणाऱ्या मुलाला लवादापुढे उभं करता येतं. माझ्याकडे कुठल्याही लवादाला बोट दाखवता आलं नसतं.

मला जुन्या चिनी कायद्यांबद्दल वाचायचा नाद आहे. बादशाही काळात बापाला पोसलं नाही तर शिक्षा, त्याच्यावर हात उचलला तर मुंडकं, नुसती शिवी दिली तरी गळफास. पुत्रधर्माचा केवढा हा थाट! पण एक फट त्या पंडितांनाही बुजवता आली नाही — सगळं करून नुसता गप्प बसणाऱ्या मुलाचं काय करायचं? मी ती फट शोधत होतो का? हो. शोधतच होतो.

अण्णा वक्ते. मातृपितृभक्तीवर गावोगाव बोलायचे. स्वतःच्या एकसष्टीला त्यांनी मला भर मांडवात पाय धुवायला लावले. फोटो हलला म्हणून पुन्हा धुवायला लावले. ते मी हसून सोडून दिलं असतं. पण मी इथे असताना आई पुण्यात आजारी होती, तेव्हा रोज म्हणायची, त्याच्याशी बोलू द्या — आणि त्यांनी फोन लावू दिला नाही. मला आजाराचं कळवलंही नाही.

"तुझं प्रमोशन अडलं असतं रे. बाप विचार करूनच करतो," हे त्यांनी मला तेराव्याच्या पंगतीत सांगितलं. पानात जिलबी वाढून घेता घेता.

मी त्यांना सिंगापूरला घेऊन आलो.

ते यायच्या आदल्या दिवशी इराला म्हणालो, "आजोबांना इंग्रजी शिकायचंय. त्यांच्याशी मराठीत अजिबात बोलायचं नाही हं."

"ओके लाह, बाबा," ती इथल्या ढंगात म्हणाली. लहान होती. तिला खेळ वाटला.

अण्णांचं इंग्रजी पुस्तकी; तिचं भरधाव सिंगापुरी त्यांच्या डोक्यावरून जायचं. "काय रे, पोरीला मराठी नाही शिकवलंस?" — "इथे कुठे शिकणार, अण्णा." मीसुद्धा कामापुरतंच बोलायचो. जेवलात? गोळी घेतलीत? आयुष्यभर सभा गाजवलेला माणूस इमारतीखालच्या बाकावर बसून शेजारच्या चिनी आंटीला मराठीत भाषणं द्यायला लागला. तिने मला लिफ्टमध्ये गाठलं. "युअर फादर व्हेरी लोनली, लाह. यू टॉक टु हिम."

मी नम्रपणे मान डोलावली. आणि — खोटं कशाला बोलू — मला ते फार गोड लागलं. त्या जिलबीहून गोड.

शेवटच्या आजारात अण्णांनी इराचा हात धरला. "काहीतरी बोल ग. मला कळेल असं, एखादा शब्द."

तिने तोंड उघडलं. 'आजोबा' ओठांवर आलाच होता. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नाही.

"गेट वेल सून, ग्रँडपा," ती म्हणाली. अण्णांनी तिचा हात सोडला आणि कूस बदलली. दोन दिवसांनी ते गेले, आणि जमलेल्या लोकांनी माझी पाठ थोपटली. मी थोपटू दिली.

इरा आता नोकरी करते. ते खोटं तिला केव्हा उमगलं, मी विचारलेलं नाही. संध्याकाळी ती घरी आली की मी मराठीत विचारतो, "जेवलीस का ग?"

"ईट ऑलरेडी, पा," ती म्हणते, आणि खोलीत जाते.

माझ्या गोळ्या मात्र न चुकता आणून ठेवते.