फ्लॉयडची करंगळी

आमच्या गिरगावातल्या वाडीत, माझ्या लाकडी भिंतीपलीकडे फ्लॉयड कुटिन्हो राहतो. पन्नाशी उलटलेला, उंच. मानेवर डाव्या बाजूला व्हायोलिनचा काळपट घट्टा. पूर्वी लग्नांत वाजवणाऱ्या एका बँडमध्ये होता. सोबतचे कोणी परदेशी गेले, कोणी वारले. मग त्याने इलेक्ट्रिक व्हायोलिन घेतलं आणि पायाशी ठेवायचं एक मशीन. कळ दाबून चार ओळी वाजवायच्या, मशीन त्या फिरून फिरून ऐकवत राहतं. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. एखादा गिटारसारखा, एखादा चर्चच्या ऑर्गनसारखा.

"माणूस एक आणि गोंगाट पाच जणांचा," त्याची बायको विनिफ्रेड म्हणते. "जेवायला एकच बसतो, हे माझं नशीब."

घरी तो स्पीकर न लावता सराव करायचा. या व्हायोलिनला पोकळ पोट नसतं, त्यामुळे नुसत्या तारांचा आवाज डासाच्या गुणगुणण्याएवढाच. भिंतीला पाठ टेकून भाजी निवडताना मला तो ऐकू यायचा. यंदा त्यात एक सूर वारंवार बसका येऊ लागला.

गणपतीनंतर एकदा तो दारात उभा राहिला. डाव्या हाताची करंगळी बधिर झाली होती. मानेतली नस दबली आहे, वाजवणं थांबवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"आंटी, घरमालक दौलतरावांच्या मुलीच्या रिसेप्शनला मी वाजवतोय, तुम्ही येणारच. नीट ऐका. करंगळी चुकलेली कळली तर सांगा, मग मी बंद करतो."

"विनिफ्रेडला विचार की."

"ती काय खरं सांगणार? तुम्ही तर आमच्या नाताळच्या केकलापण नावं ठेवता."

दादरच्या हॉलमध्ये त्याचा पहिलाच थर चुकला. दुसऱ्या ओळीच्या शेवटचा वरचा सूर घसरला. तो थर पुसला असता तर सगळं बंद पडलं असतं, आणि नवरा-नवरी स्टेजवर येत होती. त्याने तो तसाच ठेवून वर थर चढवले. तरी प्रत्येक फेरीत तो सूर त्याच जागी येत राहिला. थोड्या वेळाने हातच चालेना. गज तारांना न टेकवता तो नुसता हलवत राहिला. संगीत चालूच होतं. लोक आइस्क्रीम खात होते.

दौलतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "वा फ्लॉयड! एकदम रेकॉर्डिंगसारखं!"

निघताना तो जिन्यापाशी थांबला होता. "कळलं?"

नाही म्हणावंसं फार वाटलं. "कळलं. पहिल्याच थरात. आणि शेवटी तर तू वाजवतच नव्हतास."

"एवढ्या माणसांत तुम्हालाच," तो म्हणाला. मग व्हायोलिनच्या पेटीची कडी लावत बसला. ती लागेना, मी लावून दिली.

दिवाळीच्या सुमारास दौलतरावांचा फोन आला. भावाच्या साठीला वाजवायला बोलावत होते. तो आता वाजवत नाही, असं विनिफ्रेडने सांगितलं.

"अरेच्चा! मग ते मशीन तरी पाठव. त्यात आहे ना सगळं?"

फ्लॉयड शेजारीच बसला होता, फोनमधला आवाज त्याला ऐकू गेला. तो उठला, वायर गुंडाळली आणि मशीन पिशवीत घालून दिलं. त्यात रिसेप्शनचं वाजवणं तसंच होतं, घसरलेल्या सुरासकट.