अण्णासाठी मिठाच्या पाण्यातली कोंबडी

पुण्याहून सकाळची गाडी धरली. निपाणीजवळच्या खेड्यात माझा मावसभाऊ, मारुतीअण्णा, तोंडाच्या कॅन्सरनं अंथरुणाला खिळला होता. जन्मभर तंबाखूच्या वखारीत राबला आणि तंबाखूच चघळत राहिला. आता चिडायचं कुणावर? डॉक्टरांनी हात टेकले होते. फोनवर त्यानं एकच मागितलं होतं, "येताना गावठी कोंबडी आण गं."

निपाणीला उतरताच तंबाखूच्या वासानं ठसका लागला. नाही नाही ते त्या वासाला मनातल्या मनात बोलून घेतलं. बाजारात कोंबडीवाल्याला आजारी माणसाचं सांगितलं.

"मग बॉयलर न्या की आक्का. गावठी लई चिवट."

"त्याला गावठीच हवीय."

"व्हय? मग मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा. मऊ पडतंय, कोरडंबी हुत न्हाय."

तेवढ्यात अण्णाच्या गावावरून जाणारी चिकोडीची बस डोळ्यांदेखत सुटली. पुढच्या बसमध्ये कोंबडीची पिशवी घेऊन उभी राहिले, तर शेजारची बाई नाकाला पदर लावून बसली.

अण्णाला पाहिलं आणि जीव गलबलला. गालफडं पार आत गेलेली. लाईट दिल्यापासून (किरणोपचारांना इकडे लाईट म्हणतात) तोंडाला लाळच सुटत नव्हती. पातळ आंबील, एवढाच त्याचा आहार.

मिठाचं नाव काढताच वहिनीनं माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "वन्सं, तोंडभर फोड हाईत त्यांच्या. आंबीलबी अळणी द्याय लागतीया."

"पण कोरडं मांस घशाखाली उतरणार कसं?"

अण्णा आतून ऐकत होता. "कोरडं अडकतंय," तो कसाबसा म्हणाला. "मिठातच ठेव. चरचरलं तर चरचरूंदे."

दुपारभर कोंबडी मिठाच्या पाण्यात राहिली. मग मसाला न घालता मंद चुलीवर शिजवली. बोटांनी तुटेल इतकी मऊ झाली होती. पहिला घास तोंडात गेला आणि अण्णाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. वहिनी ताट ओढायला गेली, त्यानं तिचा हात धरून ठेवला. तो घास गिळला, आणखी एक मागितला. वहिनी परसात जाऊन रडली. खरं सांगते, मलाही तिथून पळून जावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला पाणीही गिळवेना. वहिनी माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं नाही. मी अण्णाच्या पाया पडून निघाले. परतीच्या वाटेवर उसाची हिरवी शेतं होती, पण माझं लक्षच लागलं नाही. त्याला सुख दिलं की यातना, हेच उलटसुलट मनात घोळत राहिलं.

पुण्यात पोचून काही दिवस झाले आणि वहिनीचा फोन आला. मी घाबरतच उचलला.

"वन्सं, ह्यांनी परत कोंबडी मागितलीया," ती म्हणाली. "पाण्यात मीठ किती घातलं हुतं?"

"मूठभर," मी म्हटलं.