एकच पितळी टोप

चार जुने मेकॅनिक एकत्र बसले आणि चहा आला, की किस्से सांगायला कुणाला आग्रह करावा लागत नाही. एकाचा संपायच्या आत दुसरा "हे तर काहीच नाही!" म्हणून सुरू होतो. आमच्या नाशकातल्या वर्कशॉपचे किस्से तर ढिगाने साठलेत. माझ्या प्रत्येक किश्शात तिथलाच माझा जोडीदार हबीब शिरतो, त्याला माझा इलाज नाही.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. गावाबाहेरच्या माळावर दर हिवाळ्यात मोटारींची रेस व्हायची. गाड्या पळवायचे साहेबलोक आणि संस्थानिकांची मुलं, आणि आग लागली तर विझवायला आम्ही वर्कशॉपवाले! आम्ही पाच जण, पण पितळी टोप एकच. तो ज्याच्या डोक्यावर, तो मोठ्या वळणावर, सगळ्या पब्लिकसमोर उभा. दरवर्षी टोप हबीबला! मी आपला मागे, वाळूच्या बादल्यांपाशी. जळफळाट व्हायचा नुसता.

एकदा मालकांना, म्हणजे नानांना विचारलंच, "मला का नाही?"

"दत्तू, हबीबचं डोकं मोठं आहे. त्याला टोप बसतो."

आता आईबापांनी डोकं लहान दिलं, यात माझा काय गुन्हा?

*

वळणावर गाडी घसरली तर आदळायला आम्ही कडब्याच्या पेंढ्यांची भिंत रचायचो. पहिल्या वर्षी सकाळी रचली, आणि रेस बघायला आलेल्यांच्या बैलांनी दुपारपर्यंत अर्धी खाल्ली! रेस भरवणारा साहेब तपासायला आला, तेव्हा एक बैल उरलेल्या भिंतीशी निवांत रवंथ करत बसला होता.

पुढच्या वर्षी हबीबने डोकं चालवलं. सगळ्या पेंढ्या शेणकाल्यात बुडवून रचल्या. एकाही बैलाने तोंड लावलं नाही. साहेबाने खूश होऊन हबीबशी शेकहँड केला!

शेण मी कालवलं होतं. पण माझ्याशी शेकहँड कोण करणार?

*

त्याच भिंतीत एका संस्थानिकाचा मुलगा गाडीसकट घुसला. गाडीचा चुराडा, माणूस शाबूत, फक्त नखशिखांत शेणाने माखलेला. बाहेर आला, स्वतःचा वास घेतला आणि म्हणाला, "जीव वाचला खरा, पण आता घरात कोण घेणार?"

सगळे पोट धरून हसले. मी हसलो नाही, कारण त्याने खिशातलं घड्याळ काढून हबीबला बक्षीस दिलं. घड्याळही शेणाने भरलं होतं, तेवढंच समाधान!

*

मग म्हटलं, आपणही काहीतरी करून दाखवू. रेसच्या सकाळी पंचवटीतून भटजी आणले आणि आमच्या आग विझवायच्या बंबाची यथासांग पूजा केली. झेंडूचा हार सारखा घसरत होता, म्हणून त्याचं टोक पाइपच्या तोंडात गच्च खोचलं.

दुपारी सुक्या गवताने पेट घेतला. हबीबने पाइप धरला, मी पंप मारू लागलो. पाणी येईना! आणखी जोर लावला, तर फट्कन सगळे झेंडू उडाले, थेट साहेबाच्या मडमेच्या हॅटवर!

मडमेला वाटलं, ही इकडची स्वागताची पद्धत. उठून म्हणाली, "थँक यू!"

कुणाला? हबीबला!

*

आणि एका वर्षी ऐन रेसच्या दिवशी हबीबला ताप भरला. सगळे हळहळत होते. मी टोपाला पॉलिश करत होतो.

टोप नाकापर्यंत यायचा, चेहरा कुणाला दिसत नव्हता, पण मी मोठ्या वळणावर उभा! आणि नशीब बघा, माझ्यासमोरच गाडी उलटून पेटली. मी धावलो, गाडीतल्या साहेबाला ओढून काढलं, बादल्यांवर बादल्या वाळू ओतून आग विझवली. एकट्याने! टोप तापून चटके बसायला लागले, म्हणून काढून खाली ठेवला आणि साहेबाला पाणी पाजायला बसलो.

एवढ्यात घोंगडी पांघरलेला हबीब गर्दीतून धावत आला. त्याला घरी पडून राहवलं नव्हतं! मला द्यायला म्हणून त्याने टोप उचलला. पब्लिकला दिसला हबीब, हातात टोप. झालं! "हबीबभाई झिंदाबाद!" म्हणत लोकांनी त्याला घोंगडीसकट खांद्यावर घेतलं.

हबीब वरून बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "अरे, मैं नहीं! आग दत्तूने विझवली, दत्तूने!"

माझ्या शेजारचा एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "बघा, नाव दुसऱ्याचं सांगतोय! असा मानूस लाखात एक."