पहिला घोट माझा होता

गुणवंतभाऊ गेले, हे मला रफिकभाईंनी दुकानात येऊन सांगितलं. सोमवारची संध्याकाळ होती, दिवे नुकतेच लागले होते आणि मी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून पाहत होतो. रफिकभाई पायरीवरच थांबले. "भोयर साहब गये," एवढंच म्हणाले. यवतमाळच्या दवाखान्यात नेता नेता वाटेतच... आता खरं सांगतो. "कसे गेले?" असं मी विचारलं नाही. मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" आणि उत्तर येईपर्यंत मी गिऱ्हाइकाला इतका विसरलो की त्या म्हाताऱ्यानं ती फ्रेम स्वतःच काढून काउंटरवर ठेवली. या गोष्टीला सव्वा महिना झाला. जवळचा माणूस गेला की दुःख होतं. मला आधी भीती वाटली. ती कसली, हे सांगायचं तर आमच्या मंडळापासून सुरुवात करावी लागेल.

घाटंजीत वाईन चाखणाऱ्यांचं मंडळ होतं असं सांगितलं की बाहेरचा माणूस हसतो, आणि घाटंजीतला माणूस आजूबाजूला कोण आहे ते आधी पाहतो. गुणवंत भोयर कृषी सहायक होते. तालुक्यातला एकेक धुरा, शेताशेताचा बांध, त्यांनी पायी तुडवलेला. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कसल्याशा प्रशिक्षणासाठी नाशिककडे गेले, तिथल्या द्राक्षबागा पाहिल्या, वाईन चाखली आणि परत आले ते नवीनच खूळ घेऊन. "राजेहो, तिथले लोक आपल्या मातीची चव सांगतेत. आपल्याले आपल्या मातीची चव कोनी इचारली काय कधी?" असं त्यांनी मला माझ्याच दुकानात बसून विचारलं होतं. मी चष्मेवाला. माझं दुकान रविवारी बंद. आणि चष्म्याच्या दुकानात चार माणसं बसलेली दिसली तर कोणाला संशय येत नाही, हे त्यांनी आधीच हेरून ठेवलं होतं. महिन्यातून एका रविवारी, दुपारी चार वाजता, अर्धं शटर पाडून आम्ही सहा-सात जण जमायला लागलो.

मी जन्माचा भित्रा माणूस. उतार आला की सायकलवरून उतरून चालणारा. पहिल्या बैठकीला माझी पाचावर धारण बसली होती. पोलीस येतील, बायकोला कळेल, मुलीच्या सासरी बातमी जाईल... भाऊंनी त्यावर तोड काढली. प्रत्येकानं रीतसर मद्यसेवनाचा परवाना काढायचा आणि बैठकीत तो खिशात ठेवायचा. स्वतःचा त्यांनी प्लास्टिकमध्ये बंद करून घेतला होता. ग्लासात दोन बोटं वाईन, त्यावर एक थेंब नाही. आणि बाटलीवरचं वर्णन वाचायचं नाही. तिथं परदेशी फळांची नावं लिहिलेली असायची. "जे फळ आपन पाह्यलंच नाई, त्याचा वास आपल्याले कसा येईन? आपल्या इथलं सांगा," असा त्यांचा आग्रह. मग कोणाला एका लाल वाईनला पावसाळाभर बंद राहिलेल्या कपाशीच्या गोदामाचा वास यायचा. एक पांढरी वाईन जिभेवर घोळवून भाऊ म्हणाले, "हरभऱ्याची आंब." पहाटे हरभऱ्यावर फडकं टाकून पिळलेलं ते आंबट पाणी आम्ही सगळ्यांनीच लहानपणी चाटलेलं. आम्ही पुन्हा घोट घेतला आणि खरंच, तीच होती. रफिकभाई पीत नसत. ते गॅरेजवाले, भेसळीचं पेट्रोल नाकानं ओळखणारे. दाराजवळच्या खुर्चीत सरबताचा ग्लास घेऊन बसायचे आणि बाटल्या फक्त हुंगायचे. आमच्यातलं सगळ्यात तयार नाक त्यांचं, हे सगळ्यांना मान्य होतं.

नाशिकच्या बाटल्यांवर भाऊंचं समाधान होईना. आपल्या जिल्ह्यात काय काय आंबतं ते पाहायचं म्हणून ते आम्हाला झरी जामणीकडे घेऊन गेले. तिथल्या एका कोलाम आदिवासी कुटुंबाशी त्यांचा नोकरीपासूनचा घरोबा. घरातल्या म्हाताऱ्या आजीनं मोहफुलांची दारू काढून आणली. वाटी भरली आणि आम्हाला न देता आधी स्वतः प्यायली. वाटी उलटी करून दाखवली, मग आमच्यासाठी भरल्या. पाहुण्याच्या पोटात जायच्या आधी करणाऱ्याच्या पोटात गेली पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. भाऊंना ते इतकं भावलं की परतीच्या वाटेवर जीपमध्येच मंडळाचा नियम ठरला. कंपनीची सीलबंद बाटली कोणीही आधी चाखावी, पण घरी केलेलं असेल तर पहिला घोट करणाऱ्याचा.

त्या नियमाला शेपूट मी जोडलं. विषारी दारूनं माणसं आंधळी होतात, हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलेलो, आणि माझा धंदाच डोळ्यांचा. म्हणून मी म्हटलं, करणाऱ्यानं घोट घ्यावा, अर्धा तास थांबावं आणि मग भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवावी. वाचली तर बाकीच्यांनी प्यावं. भाऊ पोट धरधरून हसले, पण नियम मान्य केला. कोणी बोराची करून आणली, कोणी सीताफळाची. जो तो आपला घोट घेऊन तक्त्यासमोर शाळेतल्या पोरासारखा उभा राहायचा आणि घडाघडा वाचायचा. आम्ही टाळ्या वाजवायचो.

यंदा मी जांभळाची वाईन केली. जांभळं घाटंजीच्या बाजारातूनच आणली होती. बरणी दुकानाच्या मागच्या खोलीत महिनोन्महिने ठेवली, गाळली, पुन्हा ठेवली. रंग असा सुरेख आला होता की मी ग्लास उन्हात धरून धरून पाहायचो. त्या रविवारी बाटली रफिकभाईंच्या नाकाखाली धरली. त्यांनी मान मागे घेतली. "सुधाकरभाऊ, याले थिनरचा वास येऊन राह्यला. मी तं गाडीत बी नाई टाकनार." सगळे हसले. मला हसू आलं नाही. ग्लास भरलेला समोर होता, पहिला घोट माझा होता... आणि माझ्यानं तो उचलवेना. "माझं पोट जरा बिघडलंय," मी म्हणालो. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, हे मी आज शपथेवर सांगू शकतो. पण चारचौघांत त्यांनी माझी लाज राखली. "आन इकडं. वयानं मोठा कोन हाये?" असं म्हणून त्यांनी ग्लास उचलला आणि प्यायले. अर्ध्या तासानं शेवटची ओळ वाचली, उलटीकडूनही वाचून दाखवली. तरी बाकी कोणी हात लावला नाही. मग उरलेली बाटली पिशवीत टाकून ते घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "सुधाकर, पेपरातले अक्षरं पुसट दिसून राह्यले बाबा. एका डोयानं तं धुकंच."

मी हसलो. "भाऊ, नंबर वाढला तुमचा. गुरुवारी या, तपासून देतो."

"बरं, येतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

फोन खिशात टाकला आणि मग माझ्या लक्षात आलं. अक्षरं पुसट. धुकं. त्यांच्या पोटात माझी वाईन होती. त्याच क्षणी मी उलट फोन करायला हवा होता, त्यांना दवाखान्यात न्यायला हवं होतं. मी काय केलं? मागच्या खोलीत गेलो, बरणीतली उरलेली वाईन नालीत ओतली, वरून दोन बादल्या पाणी टाकलं आणि बरणी राखेनं घासली. मग दुकानात येऊन फोनकडे पाहत बसलो. तो वाजू नये असं मला वाटत होतं. संध्याकाळी रफिकभाई पायरीवर आले.

यवतमाळला पाठवणाऱ्या घाटंजीच्या डॉक्टरांनी मेंदूत रक्तस्राव सांगितला. रक्तदाब वाढला होता म्हणे. सगळ्यांना ते पटलं, मला पटेना. अंत्ययात्रेत मी लोकांच्या तोंडाकडे पाहत चाललो होतो, कोणाला संशय आलाय का म्हणून. तेराव्याला जेवण गेलं नाही. दुकानासमोर कोणतीही गाडी थांबली की ती पोलिसांची तर नाही ना, हे मी आधी पाहायचो. एक तरुण डॉक्टरीणबाई चष्म्यासाठी येतात, त्यांना मी आडून आडून विचारलं. एका ओळखीच्याच्या ओळखीचं म्हणून आमच्या तक्त्याची गंमत सांगितली. त्या हसल्याच नाहीत. "काका, असलं विष डोळ्यांवर यायला दुसरा दिवस उजाडतो. अर्ध्या तासात काय कळणार?" म्हणजे आमची इतक्या वर्षांची परीक्षा ही परीक्षाच नव्हती. ज्या तक्त्याच्या भरवशावर मी सगळ्यांना निर्धास्त केलं, त्याला काही अर्थच नव्हता. जांभळाच्या वाईनमध्ये असलं विष होऊ शकतं का, हेही त्यांना विचारता आलं असतं. पण उत्तर काय येईल या भीतीनं मी ते विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात शोभावहिनी दुकानात आल्या. भाऊंच्या पत्नी. इतक्या वर्षांत त्या कधी माझ्या दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या. आमच्या मंडळाचा त्यांना मनापासून राग, आणि पोलिसांपेक्षा आम्ही त्यांनाच जास्त भ्यायचो. त्यांनी पिशवीतून भाऊंचा चष्मा काढला. "या फ्रेमीत माहा नंबर बसवून द्या, भाऊजी. चांगली फ्रेम हाये, वाया कायले घालवाची?"

मी त्यांना खुर्चीत बसवलं. तपासणीची जड फ्रेम डोळ्यांवर चढवली, एक डोळा झाकला, दुसऱ्यापुढे भिंग बसवलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "त्या दिवशी शेवटचा फोन तुमालेच केलता त्यायनं. काय म्हनले?"

मी सगळं सांगितलं. मला दुसरं काही सुचलंच नाही. न उचललेला ग्लास, फोन, माझं हसणं, नालीत ओतलेली वाईन, फोनकडे पाहत बसणं... सगळं. त्या एक डोळा झाकलेल्या तशाच बसून ऐकत होत्या. आता या उठतील आणि गावाला ओरडून सांगतील, असं मला वाटलं.

"मलेपन सकायीच म्हनले होते," त्या म्हणाल्या. "डोयासमोर धुकं येते म्हने. मी म्हनलं, आधी जेवून घ्या, मंग पाहू... जेवले बी. मंग तुमाले फोन लावला."

त्याच पुढे म्हणाल्या, "तुमच्या मंडळाच्या रविवारी बीपीची गोळी घेत नव्हते. गोळीनं जीभ कडू होते, वाईनची चव कयत नाई म्हनत. मंग सोमवारी बी इसरत. मले मालूम होतं. बोलली असती तं भांडन झालं असतं, म्हनून नाई बोलली." हे आम्हालाही माहीत होतं. भाऊ रविवारी जिभेला सुट्टी देतात, असं म्हणून आम्ही त्यांची फिरकी घ्यायचो. इतक्या वर्षांत आम्ही बोराला भ्यालो, सीताफळाला भ्यालो, त्या गोळीला मात्र कोणीच भ्यालं नाही.

"आन तुमच्या वाईनचं काय घेऊन बसले?" वहिनी म्हणाल्या. "अर्धी बाटली तं मी पेली."

मी स्टुलावर बसलो. त्या रविवारी दिवस मावळताना भाऊ घरी आले होते. अंगणात बाजेवर बसले आणि म्हणाले, सुधाकरनं इतक्या मेहनतीनं केली, कोनी चाखली बी नाई, तू तरी घे. एरवी वहिनींनी बाटली उकिरड्यावर फेकली असती. त्या दिवशी काय मनात आलं त्यांनाच ठाऊक, पण दोन पेले त्यांनीच आणले. "लग्नाले इतके वर्ष झाले, पन आमी असे एका बाजेवर कधी बसलो नव्हतो. सासू होती तवा हिंमत नव्हती, आन मंग सवय नाई राह्यली. लय हासले त्या दिवशी ते. मले काहीच नाई झालं, भाऊजी. चांगली ठणठणीत हाये मी."

मला रडू फुटलं. गिऱ्हाईक येईल याचंही भान राहिलं नाही. माझ्या हातून ते गेले नाहीत, हे कळून रडलो. मग ते खरोखरच गेले, हे कळून रडलो. वाईनची भीती त्या दिवशी संपली. फोनची संपली नाही. त्यांना अक्षरं पुसट दिसत होती आणि मी स्वतःचा जीव वाचवायला बरणी घासत बसलो होतो, हे कोणत्याही डॉक्टरच्या कागदानं पुसलं जाणार नाही. आता मी दुकानात रक्तदाब मोजायचं यंत्र आणून ठेवलं आहे. कोणी अचानक पुसट दिसतं म्हणालं, की चष्म्याचं नंतर, आधी दंडाला पट्टा. लोक हसतात, मी हसत नाही.

वहिनींचा नंबर काढून झाला. मी म्हणालो, "पेपरच्या पुरवणीवाले भाऊंवर लिहून मागताहेत. मी टाळतोय. लिहायचं तर हे सगळं लिहावं लागेल. घरी केलेल्या वाईनचंही. आणि... तुमचंही."

"मंग लिहा ना. काहून थांबले?"

"लोक काय म्हणतील, वहिनी?"

त्यांनी भाऊंच्या फ्रेमवरून बोट फिरवलं, ती माझ्याकडे सरकवली आणि उठल्या. दारापर्यंत गेल्या. तिथून वळून म्हणाल्या, "नवऱ्यासंगं बाजेवर बसून पेली म्हनून लिहा. आन मले आवडली नाई, हे पन लिहा."