माझा जलकांत मणी

हसणार नाही, अशी आधी शपथ घ्या. घेतलीत? मग चहा निवू द्या जरा आणि ऐका. माझ्या हातून आयुष्यात चुका पुष्कळ झाल्या, पण मामलेदारांच्या साक्षीने, अख्ख्या तालुक्यादेखत, स्वतःच दवंडी पिटून केलेली अशी ही एकच!

मी तेव्हा कर्जतच्या मामलेदार कचेरीत कारकून होतो. नोकरी कारकुनाची, पण जीव सगळा दगडांत. तुम्ही म्हणाल, दगडांत कसला जीव रमतो? अहो, आपल्या या काळ्या खडकाच्या पोटात काय काय दडलंय, कल्पना नाही तुम्हाला! घाटात रेल्वेच्या कामाला सुरुंग लागायचे, खडक फुटायचा आणि आतल्या पोकळीत पांढरे, हिरवट, जांभळे स्फटिक लखलखायचे. रविवार उजाडला की हातोडी आणि पिशवी घेऊन मी निघालोच.

घरी आणायचे, धुवायचे, घासायचे आणि त्यांची आरास मांडायची. लाल गारगोट्यांचं तुळशीवृंदावन केलं, अकीकाचा मोर केला, जांभळ्या स्फटिकांचा द्राक्षाचा घोससुद्धा केला. बघायला माणसं यायची हो! म्हणजे, मी हाताला धरून आणायचो.

पण घर पडलं दोन खोल्यांचं. दगड पलंगाखाली, दगड फडताळात, दगड तांदळाच्या डब्यात. एकदा आमच्या सौभाग्यवतींनी घाईघाईने तांदूळ काढले आणि माझे दोन अकीक भाताबरोबर शिजवले. जेवताना एक माझ्याच दाताखाली आला. मी तोंडातून काढला, उजेडात धरला आणि विचारलं, "तडकला नाही ना गं?"

झालं! त्या दिवशी निकाल लागला.

"दसऱ्याला ते तालुक्याचं प्रदर्शन भरतंय ना?" ही म्हणाली. "त्यात तुमच्या दगडांना बक्षीस मिळालं, तर राहू देत घरात. नाही मिळालं, तर एकूण एक दगड न्हाणीच्या भरावात. नाहीतरी तिथे चिखल फार होतो."

न्हाणीच्या भरावात! सहा वर्षांची माझी तपश्चर्या, आणि तिच्यावर उभं राहून माणसं पाय धुणार! माझी झोपच उडाली. आता काहीतरी असं सापडायला हवं होतं, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं.

आणि सापडलं!

श्रावणातली गोष्ट. कर्जतहून खालापूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. तिथे ओढ्याकाठी खडकात खोदलेली विहीर. पावसाने जरा उघडीप दिली होती, विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. मी वाकून पाणी बघितलं, तर ओढा आत शिरून त्याचा नुसता चहा झालेला. आणि मान वर करतो तो काय! विहिरीच्या वरच्या कपारीत, खडकाच्या पोकळीत, एक स्फटिक! चांगला पेरूएवढा, काचेसारखा आरपार, कडा गुळगुळीत झालेल्या.

आता मला सांगा, स्फटिक कुठे सापडतो? खडकाच्या पोकळीत. हा कुठे होता? खडकाच्या पोकळीत! मग शंका घ्यायला जागा कुठे राहिली? हातोडीसुद्धा लागली नाही. नुसता हात लावला, तर निखळून आला. मला वाटलं, खडकानेच तो माझ्या ओंजळीत घातला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण आनंदात माणसाला संशय येतो का कधी?

घरी येऊन धुतला, तर आणखी उजळला. पुन्हा धुतला, आणखी उजळला. किंचित लहान झाल्यासारखा वाटला, पण मी म्हटलं, मळ जातोय. आणि खरी गंमत पुढेच आहे. ज्या घमेल्यात मी बाकीचे चिखलाचे दगड भिजत घातले होते, त्यातच हा बुडवून हलवला. तासाभराने बघतो, तर सगळा गाळ तळाशी आणि वर नितळ पाणी!

मी घमेल्यापुढे मांडी घालून बसलोच. सूर्यकांत मणी ऐकला होता, चंद्रकांत मणी ऐकला होता. हा तर पाणी शुद्ध करणारा मणी! त्याचं नाव मी तिथल्या तिथे ठेवलं: जलकांत!

तुम्ही म्हणाल, बायकोला दाखवला नाहीस? कसा दाखवणार? कापसात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवला, कुलूप घातलं आणि वर तिला बजावलं, "याला बायकांचा हात लागायचा नाही. तेज उतरतं."

"बरं," ती म्हणाली. कसलं तेज आणि कुठलं तेज, एवढंही तिने विचारलं नाही.

दसरा आला. बाजाराच्या मैदानात मांडव पडला. एकीकडे भाताचे वाण, एकीकडे हातभर लांबीची पडवळं, कोणाचा बैल, कोणाची घोंगडी. मधोमध माझा कैलास! खाली काळा कातळ, त्यावर हिरव्या दगडांची झाडी, वर पांढऱ्या स्फटिकांचा बर्फ, पायथ्याशी परातीतलं मानससरोवर. शिखरावर जलकांत. आणि त्याच्यावर टांगलेलं आमच्या देवघरातलं अभिषेकपात्र. त्याचं भोक मी खिळ्याने जरा मोठं केलं होतं, गंगा बारीक धारेने वाहायला हवी म्हणून.

सकाळी मामलेदारसाहेब आले. मी ओढ्याचं गढूळ पाणी पेल्यात घेतलं, शिखरावरचा जलकांत उचलून त्यात फिरवला आणि म्हटलं, "साहेब, एक पान जमवून या." साहेब पान खाऊन आले. पेल्यात पाणी नितळ!

"नारायणराव!" साहेबांचे डोळे विस्फारले. "हे काही साधं काम नाही. मुंबईला कळवलं पाहिजे. आज संध्याकाळी बक्षीस तुमचंच!"

मी तरंगायलाच लागलो. मणी परत शिखरावर ठेवला. अभिषेकपात्र काठोकाठ भरलं आणि शिपायाला सांगितलं, "पाणी संपू देऊ नकोस, भरत राहा." घरी जाऊन हिला म्हटलं, "न्हाणीचा भराव आता नदीच्या वाळूने कर हं!" पोटभर जेवलो, डुलकी काढली, आणि चारच्या सुमाराला हिला घेऊन ऐटीत मांडवात आलो.

बघतो तर कैलासावर शिखर नाही! पेरूएवढा माझा जलकांत सुपारीएवढा झालेला!

"चोरी!" मी किंचाळलो. "मणी फोडून नेला! मांडवाची दारं बंद करा!"

अहो, केवढा गोंधळ! शिपाई धावले, साहेब धावले, कोणाचा तरी बैल उधळला. साहेबांनी सगळ्यांची झडती घ्यायला सांगितलं. पिशव्या उलट्या, टोपल्या उलट्या. आणि एका म्हातारीच्या टोपलीत, सुक्या बोंबलांच्या खाली, फडक्यात बांधलेला, लखलखीत, माझा जलकांत!

"हाच तो!" मी उडी मारली. "सापडली चोर! काय गं, लाज नाही वाटत?"

म्हातारीचं नाव हिराबाई. उंच, काटक बाई, डोळ्याला डोळा देऊन बोलणारी. तिने आधी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कसली लाज रं बाबा?"

"हा मणी चोरलास त्याची!"

"मनी?" ती साहेबांकडे वळली. "अवं सायेब, याला सांगा तरी कोनी. ही तुरटी हाय तुरटी! आत्ताच बाजारातनं घेतली मी. वान्याला इचारा."

"तुरटी?" मी म्हटलं. "तुला काय कळतंय दगडातलं?"

"दगडातलं नाय कळत, पन पान्यातलं कळतंय. वाडीत अख्खा पावसाळा ही फिरवल्याबिगर हंडा भरत नाय आमी. सगळ्यांची मिळून एक असतीया, हिरीवरल्या कपारीत ठेवलेली. ज्यानं त्यानं फिरवावी नि परत ठेवावी. आजवर कोनी उचलली नाय. औंदा सरावनात कोना मेल्यानं पळवली! वढा भरलेला, बाजाराला येता येईना. दीड महिना फडक्यानं गाळून चिखल प्यालो आमी. पोरांची पोटं बिघडली."



"कपारीत?" मामलेदारसाहेबांनी माझ्याकडे बघत हळूच विचारलं. "नारायणराव, तुमचा हा कुठे सापडला म्हणालात?"

सकाळी मीच तर साग्रसंगीत वर्णन केलं होतं! विहीर, कपार, पोकळी, सगळं!

"जिभेला लावून बघा," हिराबाई म्हणाली.

"लावा," साहेब म्हणाले. हुकूमच तो!

शिखरावरची सुपारी मी उचलली आणि सगळ्या तालुक्यासमोर जीभ लावली. तोंडाचा असा काही चंबू झाला, की पुढची दोन मिनिटं मला 'चूक झाली' एवढंसुद्धा म्हणता येईना. मांडव हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. साहेब तर म्हणाले, "मला सकाळीच जरा शंका आली होती." आली होती म्हणे!

तुम्ही विचाराल, एवढा मोठा घोडा झालास, तुरटी ओळखू नये? अहो, मला वस्तऱ्याने पुरळ उठतं, म्हणून जन्मभर दाढी राखलेली. न्हाव्याशी संबंध नाही. आणि पाणी? पाणी तर घरात आपोआप येतं, अशीच माझी समजूत होती!

पण खरं सांगतो, हसण्याचं मला वाईट वाटलं नाही. त्या पोरांच्या पोटाचं वाटलं. ज्या विहिरीवर कधी कुणी हात मारला नव्हता, तिथला पहिला चोर मी, आणि चोर म्हणून बोट दाखवलं कोणाकडे, तर जिची चोरी केली तिच्याकडेच! मी वाण्याकडे गेलो, होती नव्हती ती सगळी तुरटी उचलली आणि हिराबाईच्या टोपलीत घालून हात जोडले.

"ऱ्हाऊ दे रं," ती हसून म्हणाली. "पन पुढल्या येळेला कपारीत हात घालशील, तर आधी इचार."

बक्षीस मिळालं पडवळाला.

आम्ही घरी आलो. दारात आल्यावर मीच म्हटलं, "उद्या सकाळी भरतो दगड न्हाणीत. शब्द म्हणजे शब्द."

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. पाण्याच्या हंड्यामागे हात घातला आणि एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला. माझ्या जलकांताच्या दुप्पट, आणि त्याहून स्वच्छ!

"बारा वर्षं तुरटी इथेच असते, झिजली की नवी आणते," ती म्हणाली. "दर पावसाळ्यात रोज फिरवते, म्हणून नितळ पाणी पिताय. सगळे डोंगर पालथे घातलेत, पण चुलीपलीकडे चार पावलं कधी आलात?"

मी तो खडा हंड्यामागे होता तिथे ठेवला.

"दगड राहू देत," ती म्हणाली. "मोर मला आवडतो. पण उद्यापासून पाणी तुम्ही भरायचं."

तेव्हापासून पाणी मीच भरतोय हो! पहाटे विहिरीवर जातो, हंडा आणतो, तुरटी फिरवतो. आणि पावसाळ्यात तुरटी हातात घेऊन जरा उजेडाकडे वळलो, की आतून हिची हाक ठरलेली: "अहो, फिरवा आणि बाहेर काढा! दर्शन घेत बसू नका, विरघळेल!"