झाकलेला रकाना

मी राय या धान्याच्या पिठाची लापशी ढवळत होते आणि माझा नवरा यारी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान वाचत कॉफी पीत होता, तेवढ्यात दारावर टकटक झाली. उत्तरेकडच्या या देशात न कळवता कुणी कुणाचं दार वाजवत नाही. एकोणीस वर्षांत आमचं दोनदा वाजलं, आणि दोन्ही वेळा खाली पाइप फुटला होता.

दारात ओस्मो होता, इमारतीच्या मंडळाचा अध्यक्ष. पायात लोकरी मोजे, हातात कागद.

"सही हवी आहे, नलिनी. चौदा झाल्या."

कागदावर मजकूर थोडाच होता. हिल्का कोर्पेला हिने न विचारता क्लबखोलीतल्या कॉम्प्युटरची प्रणाली बदलली, सबब सौनाच्या, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेच्या स्नानघराच्या, वेळांची यादी आणि खोलीची किल्ली तिच्याकडून काढून घ्यावी.

"ठेवून जा. वाचून बघते."

"वाचण्यासारखं काय आहे त्यात?"

"तुझ्या मागच्या यादीत बरंच होतं," मी म्हटलं. तो तसाच जिना उतरला.

हिल्का तिसऱ्या मजल्यावर राहते. वय एकाहत्तर, लग्न केलेलं नाही. चौतीस वर्षं ती कागद गिरणीच्या प्रयोगशाळेत होती. कागदाच्या पट्ट्या यंत्रात ताणायच्या आणि कितीला फाटल्या ते लिहायचं. अजूनही हातात बिल आलं तरी आधी बोटांत चोळून बघते आणि म्हणते, "ऐंशी ग्रॅमचा कागद नाही हा." गिरणी बंद पडली तेव्हा तिथला टाकून दिलेला एक कॉम्प्युटर बर्फावरच्या घसरगाडीला बांधून तिने घरी आणला आणि त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवायला आपली आपण शिकली. मग माझ्याही जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवून दिलं.

"फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार," यारी म्हणाला होता.

"फुकट म्हणून नाही वापरत मी. उघडं आहे म्हणून," ती म्हणाली. "आत काय चाललंय ते कुणालाही बघता येतं. गोम असली तर दिसेल."

सौना तळघरात आहे. प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास. शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी कुणी मेल्याशिवाय किंवा गाव सोडल्याशिवाय मोकळ्या होत नाहीत. यारी ते पान उगाच वाचत नाही. हिल्काची वेळ सोमवारी दुपारी चार, दगड जेमतेम तापलेले असताना. शुक्रवारी सातच्या तासासाठी ती बावीस वर्षं रांगेत होती.

ऑक्टोबरात क्लबखोलीतल्या कॉम्प्युटरची जुनी प्रणाली सांभाळणं कंपनीने बंद केलं, आणि नवी त्या म्हाताऱ्या यंत्रावर चढेना. मंडळाने विषय वसंतातल्या सभेवर ढकलला. हिल्का एका रविवारी पेनड्राइव्ह घेऊन खाली उतरली. दोन तासांत लिनक्स चढलं, यादी ठेवायला तसाच उघडा एक प्रोग्रॅम आला, जुन्या फायली त्यात उघडल्या. सोमवारी तिने सौनाची यादी छापून जिन्यात लावली.

ती यादी मुळात ओस्मोने बनवलेली. त्याला मोतीबिंदू झाल्यापासून टंकायचं काम हिल्काकडे आलं, पण कुणाला कोणता तास हे ठरवायचा तोच. त्याने त्यात एक रकाना झाकून ठेवला होता, तो नव्या प्रोग्रॅममध्ये उघडा पडला आणि दुसऱ्या पानावर छापून आला. आमच्या नावापुढे: मसाल्यांचा वास, मंगळवार पुरे. खालच्या लेहतोला नवरा-बायकोपुढे: पितात, शेवटचा तास द्या. हिल्कापुढे: एकटीच आहे, शुक्रवार वाया जाईल. त्यापुढे तीन तारखा. तीनदा तो तास सुटला होता आणि तीनदा दुसऱ्याला गेला. शेवटच्या खेपेला ओस्मोच्या मेहुणीला.

मला वाटलं, आता ओस्मोची धडगत नाही. झालं उलटंच. लोक हिल्काशी बोलेनासे झाले. तिच्यासाठी कुणी लिफ्ट धरेना. धुण्याच्या खोलीत तिच्या ओल्या चादरी फरशीवर पडल्या होत्या आणि वर निनावी चिठ्ठी: सगळं उघड्यावर असलेलंच बरं ना?

लेहतोलाबाई मला लिफ्टमध्ये म्हणाली, "आम्ही पितो ते आम्हाला माहीत होतं गं. जिन्यात चिकटवायची काय गरज?"

"लिहिलं ओस्मोने," मी म्हटलं.

"त्याने झाकून लिहिलं होतं."

संध्याकाळी मी हिल्काकडे गेले. "लावताना तुला दिसलं नाही?"

तिने कॉफी ओतली. "पहिलं पान न पाहता लावलं. दुसरं पाहून लावलं."

मी कप जवळ ओढला.

"कागद जिथे फाटला तो आकडा लिहायचा, नलिनी. साहेबाला आवडला नाही म्हणून मी कधी पट्टी बदलली नाही."

बुधवारी सभा झाली. वेलचीच्या पावांना कुणी हात लावला नाही. हिल्काच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एकीवर मी बसले. सह्या चौदाच राहिल्या होत्या, पण तेवढ्या पुरेशा होत्या.

"लिनक्स आपल्याच देशातून निघालं, मला माहीत आहे," ओस्मो म्हणाला. "ईस्टरला खायचा काळा, गोड मॅम्मीही आपलाच आहे. म्हणून काय तो लोकांच्या ताटात न विचारता वाढायचा?"

दोघं-तिघं हसले.

"विचारायला हवं होतं, ते खरं," हिल्का म्हणाली. "जुनी प्रणाली हवी असेल तर परत घालते. अर्ध्या दिवसाचं काम."

"आणि किल्ली."

तिने किल्ली टेबलावर ठेवली.

"यादी?"

"तीही घे."

"आणि तो रकाना तू वाचलाच नाहीस, असं इतिवृत्तात घालू. सगळ्यांनाच सोपं जाईल."

"वाचला. तसंच घाल."

कुणीतरी खुर्ची सरकवली. ओस्मोने पेनाचं टोपण लावलं. "बरं. आणखी काही?"

"तुझी मेहुणी महिनाअखेर गाव सोडते आहे," हिल्का म्हणाली. "मला तिचा शुक्रवार हवा. सात ते आठ. एकटीच जाईन."